ओवाळलेल्या मिरचीचं बी

या, आत सरका. दिवा बारीक केलाय, विझवला नाही, तेव्हा उगीच भोकाड पसरायचं नाही. आणि हुंकार द्यायचा बरं का. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. मग मी कूस बदलून घोरायला मोकळी.

तर एकदा काय झालं, डोंगराच्या पोटात एक गाव होतं, लवंगवाडी. तिथं धुकं असं दाट पडायचं की दुपार झाली तरी समोरच्या घराचं दार दिसायचं नाही. आता मिरचीला हवी ऊब. बाहेर बी टाकलं तर ते कुजून जायचं. म्हणून त्या गावच्या बायका मिरचीचं बी घरातच रुजवायच्या. फुटक्या माठाचं खापर घ्यायचं. त्यात चाळलेली माती, जुनं मुरलेलं शेणखत, वर चिमूटभर राख. बी पेरायचं, ओलं फडकं झाकायचं आणि खापर चुलीमागं उबेला ठेवायचं. कोंब दिसला की फडकं काढून खापर खिडकीत न्यायचं. पहिल्या दोन पानांवर काही घालायचं नाही. बी आपल्या पोटात शिदोरी घेऊन येतं, तेवढी त्याला पुरते. तिसरं पान आलं, की मग मात्र भूक लागते. तेव्हा पाजायचं, तेही पातळ. दाट पाजलं की कोवळी मुळं जळालीच म्हणून समजा.

त्या गावात राहायची ठमाई. कामाला वाघीण, पण मानी. नाकावर माशी बसू द्यायची नाही. तिचा नवरा बैल घेऊन मीठ आणायला खाली कोकणात गेलेला. घरात तिची लेक सोनकी, तुमच्याएवढीच, आणि ठमाईची सासू. सासूला डोळ्यांनी दिसायचं नाही. ठमाई तिला आत्याबाई म्हणायची.

एका सकाळी ठमाईनं बियाच्या मिरच्या काढायला आढ्याकडं बघितलं, तर नुसते देठ लोंबतायत! उंदरांनी सगळं फस्त केलेलं. साठवणीच्या मडक्यातही लेंड्याच लेंड्या. चुलीशेजारी मिठाच्या लोटक्यात पाच लाल मिरच्या तेवढ्या उरल्या होत्या. शेजारणीकडं बी मागावं? छे! लवंगवाडीत बी मागणाऱ्या बाईला गबाळी म्हणायचे. ठमाईचं डोकं असं तापलं, असं तापलं, की विचारू नका.

नेमकं तेव्हाच दारात एक परकी बाई येऊन उभी राहिली. बरोबर सोनकीच्या वयाची पोर. सोनकी उंबऱ्यापाशी बसून तूप-गुळाचा भात खात होती. त्या पोरीनं ओंजळ पुढं केली. नुसती सोनकीच्या ताटाकडं बघत राहिली.

"पुढं हो बाई, पुढं हो," ठमाई खेकसली. "इथं आमचंच उंदरानं खाल्लंय."

बाईनं पोरीचा हात धरला आणि निघाली. पोर मान वळवून बघत बघत गेली. धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत तिची ओंजळ तशीच होती.

संध्याकाळी सोनकी तापानं फणफणली. आत्याबाई म्हणाल्या, "दृष्ट काढ गं पोरीची." मग ठमाईनं मुठीत मीठ-मोहरी घेतली. त्या पाच मिरच्या घेतल्या. सोनकीवरून उतरवल्या. "आल्यागेल्याची, वाटसराची, कुणाची लागली असेल ती जळून जाऊ दे." आणि चुलीत टाकायला हात नेला तो तिथंच थबकला. त्यातली एक मिरची अशी टपोरी, अशी लालभडक, आत बी खुळखुळत होतं! ठमाईच्या मनात आलं, चार जाळल्या तरी दृष्ट निघेलच की. एकानं काय होतंय? चार मिरच्या चुलीत टाकल्या आणि पाचवी हळूच कनवटीला खोचली.

चुलीत तडतडलं. धूर झाला, पण कुणाला ठसका म्हणून लागला नाही. मिरची जळते आणि ठसका लागत नाही, म्हणजे दृष्ट केवढी जबर असेल बघा!

"ठमे," आत्याबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "पाचही टाकल्यास ना? मला चारच तडतडल्यासारख्या वाटल्या."

"पाचही टाकल्या, आत्याबाई. तुमचे कान गेले आता."

सोनकीचा ताप उतरला. ती उठून दोन घास जेवलीसुद्धा. ठमाईला वाटलं, चला, जिंकले.

हुंकार कुठाय? हां, असा.

मग ठमाईनं त्या ओवाळलेल्या मिरचीचं बी खापरात पेरलं. एरवी मिरचीचं बी रुजायला किती रडवतं! पंधरवडा पंधरवडा वाट बघायला लावतं. हे बी दुसऱ्या सकाळीच वर आलं. एकूणएक. ठमाईनं खापर खिडकीत ठेवलं. आता रोप कुठं वळतं? उजेडाकडं वळतं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. ही रोपं वळली घराच्या आत. सोनकीच्या अंथरुणाकडं. ठमाईनं खापर फिरवून ठेवलं. चुलीवरचं दूध उतरवून येते तो रोपांनी माना पुन्हा वळवलेल्या. सोनकी परसात गेली की परसाकडं. सोनकी चुलीपाशी आली की चुलीकडं.

"आई, ती माझ्याकडं बघतायत," सोनकी म्हणाली.

"रोपाला डोळे असतात होय गं? खुळी कुठली," ठमाई म्हणाली. पण तिनं खापर पुन्हा फिरवून ठेवलं.

मग तिसरं पान फुटलं. ठमाईनं शेण पाण्यात कालवलं, फडक्यानं गाळलं, चांगलं पातळ केलं आणि खापरात घातलं. पाणी मातीवर जसंच्या तसं उभं राहिलं. थेंबभरही आत जिरेना. आणि दुसऱ्या दिवशी रोपं बोटभर वाढलेली! देठ तांबडेलाल. ठमाईनं सोनकीकडं बघितलं, तर पोरीचे गाल फटफटीत पांढरे. ओठसुद्धा पांढरे.

ठमाईला वाटलं, पोरीला सर्दी बाधली असेल. रोपांना शेणपाणी मानवत नसेल. मग तिनं ताकाचं पाणी केलं आणि घातलं. तेही वरच उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी रोपं वीतभर झाली. सोनकीनं आईला हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. आणि खिडकीतून, त्या खापरातून, अगदी सोनकीच्या आवाजात हाक आली, "आई, भूक लागली."

घाबरलात? घाबरायचंच असतं तिथं. या जवळ, माझा पदर धरा.

ठमाईही घाबरली. पण मानी ना! शेजारी कुणाला बोलली नाही, आत्याबाईंनाही नाही. म्हणाली, एकदा शेवटचं पाजून बघते. तिनं सुकी मासळी धुतली आणि ते पाणी खापरात घातलं. तेही वरच राहिलं. तेवढ्यात तिन्हीसांज झाली. ठमाईनं दिवा लावला. भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या पडल्या. चुलीची पडली, आत्याबाईंची पडली, ठमाईची पडली. सोनकी दिव्यासमोर बसली होती, आणि तिच्यामागं भिंत कोरी. नुसती कोरी. आणि खापरामागं, जिथं मिरचीच्या काड्यांची सावली पडायची, तिथं एक पोर उकिडवी बसलेली दिसत होती. तिनं ओंजळ पुढं केली होती.

ठमाईनं ओंजळ ओळखली.

"मेले मी! पोरीची सावली खापरात! जाळते हे!" तिनं धावत जाऊन खापर उचललं आणि चुलीवर नेलं. तोच मनगटावर हात पडला. आत्याबाईंचा.

"जाळू नको. काय करतेयस ते कळतंय का? तुझ्या लेकीची सावली आता त्यात आहे. सावली जाळलीस तर पोर कशानं उभी राहील?"

खापर खाली ठेवून ठमाई रडायला लागली. "आत्याबाई, मी चारच जाळल्या हो."

"ठाऊक आहे. चारच तडतडल्या होत्या."

"मग तेव्हा बोलला का नाही?"

"बोलले होते. तू माझ्या कानांनाच दोष दिलास." आत्याबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "कुणी आलं होतं का गं दारात, त्या दिवशी?"

ठमाईनं सगळं सांगितलं. बाई, पोर, तूप-गुळाचा भात, आणि आपण काय बोललो ते.

"अगं, मग ही भूक आहे," आत्याबाई म्हणाल्या. "भुकेला कुणी शेण घालतं का? आणि आता ऐक. सावली गेलेल्या माणसाला तिन्हीसांज बोलवायला येते. आज गेली सावली. उद्या ती दाराबाहेरून नुसती हाक मारील. परवा हाताला धरून नेईल. तुला परवा दिवेलागणीपर्यंत वेळ आहे."

ठमाईनं डोळे पुसले. ताबडतोब खीर चढवली. आटीव दूध, तूप, गूळ, हात आखडला नाही हो तिनं. भलीमोठी वाटी खापरात ओतली. या खेपेला खापरानं घटाघट पिऊन टाकली. ठमाई खूश. सकाळी उठून बघते तर पानांच्या कडा करपून काळ्या. आणि सोनकीच्या बोटांची टोकं काळीनिळी.

"हे काय केलंस?" ठमाईनं सांगताच आत्याबाई ओरडल्या. "दहा वर्षं मिरची लावतेस! कोवळ्या मुळाला दाट सोसतं का? उपाशी पोटात एकदम खीर लोटतात का? पातळ घाल, कोमट घाल, बोटानं घाल. आणि तुझ्या तोंडात घास जायच्या आधी घाल."

मग ठमाईनं तांदळाची पेज केली. आरपार दिसेल इतकी पातळ. स्वतः पाण्याचा घोटही घेतला नव्हता. खापरापाशी मांडी घातली. बोट पेजेत बुडवायचं आणि एकेका रोपाच्या बुडाशी थेंब सोडायचा. थेंब जिरायचा. थांबायचं. मग दुसरा थेंब. कंबर मोडली बिचारीची. दुपार कलली, पाठीमागून आवाज आला.

"आई."

खापरातून नाही बरं का! सोनकीच्या तोंडातून. बोटंही गोरी झाली होती, गालांवर रंग आला होता. ठमाईनं पोरीला असं उराशी धरलं की पोर गुदमरली. मग तिन्हीसांजेला दिवा लावला. आणि भिंतीकडं बघितलं.

भिंत कोरीच.

"आत्याबाई, सावली नाही आली! मी पाजलं की!"

"रोपाला पाजलंस. ती पोर कुठं जेवली?"

आणि तेवढ्यात दाराबाहेर धुक्यातून कुणीतरी हाक मारली. बाईचा नाही, पुरुषाचा नाही, असा आवाज. "सोनकीऽऽ, येतेस का?"

आत्याबाईंनी सोनकीच्या तोंडावर हात दाबला. पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते. तुम्हीही द्यायची नाही कधी, सांगून ठेवते. आवाज घराभोवती फिरला, खिडकीपाशी थांबला आणि गेला.

सकाळ होताच ठमाईनं लोटीत पातळ पेज भरली आणि खापर डोक्यावर घेतलं. पण त्या पोरीला शोधायचं कुठं? धुक्यात स्वतःचा हात दिसत नव्हता. ती विहिरीपाशी आली आणि खापर खाली ठेवलं. आणि काय! रोपांनी माना वळवल्या. आज त्या सोनकीच्या घराकडं नव्हत्या. सगळ्या डाव्या वाटेकडं झुकल्या होत्या. ठमाई डाव्या वाटेनं गेली. पुढं वाट फुटत होती, तिथं पुन्हा खापर ठेवलं. रोपं वळली ओढ्याकडं. ओढ्यापाशी पुन्हा ठेवलं. रोपं वळली सरळ खाली, दरीत. तिथं वाट नव्हती. नुसता खडक आणि धुकं. ठमाई बसत, सरकत, करवंदीच्या काट्यांना धरत खाली उतरली. साडी फाटली, गुडघे फुटले. पण खापर कलंडू दिलं नाही.

दरीत एक कपार होती. कपारीत चार काटक्या धुमसत होत्या आणि त्यांच्यापाशी ती परकी बाई बसली होती. मांडीवर पोर. ठमाईनं आधी दोघींच्या पायांकडं बघितलं. पाय सरळ होते, माणसांचे, भेगाळलेले. मग तिनं मागच्या खडकाकडं बघितलं. त्या पोरीला दोन सावल्या होत्या. एक तिची. आणि तिला बिलगून बसलेली, दोन वेण्या घातलेली, सोनकीची.

"त्या दिवसापासून ही काही खाईना," बाई म्हणाली. तिचं नाव गिरजा. पोरीचं नाव आवडी. "लोकांनी दिलं, भाकरी दिली, तुकडा दिला. तोंडच उघडत नाही. कुणाच्या तरी ताटाकडं बघितलं आणि तिथंच जीव अडकला बघा हिचा."

ठमाईनं लोटी पुढं घेतली. तिनं पेजेत बोट बुडवलं आणि आवडीच्या ओठांवर टेकवलं. थेंब आत गेला. थांबली. दुसरा थेंब. पोरीनं जीभ फिरवली. तिसऱ्या थेंबाला तिनं ठमाईचं बोट धरून ठेवलं, सोडेचना. लोटी संपता संपता आवडी उठून बसली. पण खडकावर सावल्या दोनच होत्या.

आणि धुकं काळं पडायला लागलं होतं.

"चल, घरी चल," ठमाईनं आवडीला कडेवर घेतलं. गिरजानं खापर घेतलं. दोघी दरी चढल्या, ओढा ओलांडला, पळत सुटल्या. घर दिसलं तर काय! दार सताड उघडं. सोनकीनं एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलेलं, डोळे मिटलेले, हात पुढं केलेला. कुणीतरी तो हात धरून ओढत होतं. धरणारं दिसत नव्हतं. आत्याबाई जमिनीवर बसून, तिच्या दोन्ही वेण्या मुठीत आवळून, मागं खेचत होत्या.

"लवकर, ठमे! माझा जोर संपला!"

ठमाई आवडीला घेऊन दारात घुसणार, तोच गिरजानं तिचा पदर धरला.

"बाई, तुम्ही आम्हाला पुढं हो म्हणाला होता. त्याच दारातून पोर आत कशी जाईल?"

ठमाई थांबली. तिकडं लेक चाललीय आणि ही थांबली! तिनं खाली बसून आवडीला पायांवर उभं केलं. तिचे हात धरले.

"चुकले गं मी," ती म्हणाली. तिला रडू फुटलं. "माझ्या घरात भात होता आणि मी तुला उपाशी घालवलं. आत ये, माझ्या माय. बैस. जेव."

आवडीनं एकवार तिच्या तोंडाकडं बघितलं. मग पाय उचलला आणि उंबरा ओलांडला. दिव्याचा उजेड तिच्यावर पडला. आणि भिंतीवरच्या दोन सावल्यांतली एक सुटली, जमिनीवरून सरसरत गेली आणि सोनकीच्या टाचांना चिकटली. त्याच क्षणी तिकडचा हात सुटला. आत्याबाई आणि सोनकी धपकन पाठीवर पडल्या. बाहेर धुक्यात कुणीतरी लांबलचक उसासा सोडला आणि निघून गेलं.

मग काय केलं ठमाईनं? आधी पेज दिली. मग मऊ भात. तूप-गूळ आठवडाभरानं, चांगली भूक लागल्यावर. शहाणी झाली होती ती. सोनकी आणि आवडी एका ताटात जेवल्या आणि गुळाच्या खड्यावरून भांडल्या. भांडण ऐकून आत्याबाई हसल्या.

रोपांचं काय? ठमाई त्यांना रोज थोडा वेळ उंबऱ्याबाहेर ठेवायची, वाऱ्याची सवय व्हायला. ती आता इतर रोपांसारखी उजेडाकडं वळायची. मग तिनं ती दारासमोर वाटेच्या कडेला लावली, येणाऱ्याजाणाऱ्यानं हवी तर तोडून न्यावी म्हणून. गिरजा लवंगवाडीतच राहिली. ठमाईच्या बांधाला तिनं स्वतःचं खोपटं घातलं. ठमाईचा नवरा मीठ घेऊन आला. म्हणाला, "मीठ आणायला गेलो तर घरात एक पोर जास्त!" आणि दोघींना एकदम खांद्यांवर बसवलं.

तेव्हापासून लवंगवाडीत ओवाळलेली मिरची कुणी मागं ठेवत नाही. आणि पोर जेवत असताना दारात कुणी आलं, तर त्याला पुढं हो म्हणत नाही.

त्यांची पोटं भरली, त्यांना झोप लागली. तुमचीही भरलीत, तुम्हीही झोपा. काय रे? भिंतीकडं काय बघतोस? आहे, आहे तुझी सावली. माझ्या सावलीला टेकून केव्हाच झोपलीय ती. मीट डोळे.